माप

रविवारच्या वर्गात ओबेद साळवेनं हात वर केला.
वय नऊ, पुढचे दोन दात नाहीत.
"टीचर, त्याच दिवशी मरशील म्हणाला ना देव?
मग आदाम नऊशे तीस वर्षं कसा जगला?
म्हणजे साप खरं बोलला?"

खिडकीबाहेर गुरुवार पेठ. कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं,
ती सुरू होत नव्हती.
मी म्हटलं, देवाचा दिवस मोठा असतो.
त्यानं मान हलवली, दुकानदार फाटकी नोट परत करताना
हलवतो तशी.

घरी अप्पा अंजीर खात बसलेले. पुरंदरचे.
पाटीच्या तळाशी पानं घालून येतात ते.
चाळीस वर्षं लष्करातल्या दुकानात शिवणकाम केलं,
बँडवाले, नवरदेव, दोन बिशप,
साऱ्यांची मापं अजून तोंडपाठ.
ओबेदचा प्रश्न सांगितला, तर त्यांनी एक पान उचललं
आणि माझ्या मनगटावर उलटं घासलं.
"खाजतंय?"
खाजलं.
"हे नेसले होते दोघं. लिहिणाऱ्याला हे पान माहीत होतं.
वाचणाऱ्यांनी कधी हातात घेतलं नाही."
मग खोकला आला आणि विषय तिथंच राहिला.

ओबेदला सांगता आलं नाही ते इथं लिहिते.

मंगळवारी ससूनचा रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता.
चार ओळी, खाली निळ्या शाईची सही.
रास्ता पेठेतून चालत आले. दार उघडंच.
आतून हाक आली,
"कुठं होतीस गं?"
मी म्हटलं, रिक्षा मिळेना.

एवढंच.
रिपोर्ट गव्हाच्या डब्यामागे सरकवला.
रात्री जेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
मी त्यांच्याकडे.
भाजीत मीठ नव्हतं, कुणीच बोललं नाही.

त्याच दिवशी, ओबेद. तारीखसुद्धा सांगते हवी तर.
संध्याकाळचा वारा सुटलाय,
ओळखीचं कुणी हाक मारत बागेतून येतंय
आणि आपण झाडामागे श्वास धरून उभे.
नऊशे तीस वर्षं उभं राहता येतं तसं.

"फळ खाल्लं नसतं तर मेले नसते का, अप्पा?"
"मातीचेच होते की. सुती कापड धुतलं की आटतं,
तो काय कापडाचा गुन्हा?
आखूड झाल्याची लाज वाटते ना,
ती नंतर आली."

दळणासाठी डबा त्यांनीच ओढला होता.
कागद वाचला, घडी घातली, होता तिथं ठेवला.
मला हे बारा दिवसांनी कळलं.
बारा दिवस एका घरात
दोन झाडं, दोन माणसं.

त्या रात्री झोप कुणालाच नव्हती. अंधारात म्हणाले,
"मला त्या गोष्टीत एकच कोडं पडतं.
शिक्षा सुनावून झाली आणि देव शिवायला बसला.
कातडं अवघड, सुई वाकते.
एक जनावर मेलं असणार,
पहिलं मरण त्याचं, नाव कुणी लिहिलं नाही.
पण माप कसं घेतलं?
खांद्याला, कमरेला हात लावल्याशिवाय
माप होत नाही, पोरी."

मी उठून दिवा लावला.
रिपोर्ट आणून दोघांच्या मधे ठेवला.
त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"काळा कोट फार ढगळ होईल आता. त्यात मला ठेवू नका.
टेप आण."

लहान मुलासारखे हात वर करून उभे राहिले.
छाती चौतीस. पूर्वी चाळीस.
"आवळू नकोस, दोन बोटं आत घाल."
घातली. बोटांखाली
फासळी, आणि तिच्याआड
जुनं मशीन, अजून टाके घालत.

मापं लिहायला कागद शोधला.
रिपोर्टची मागची बाजू कोरी होती.